पाहुण्यांची टाकी

चेक इंजिनिअर मारेक नोकरी सोडून चालला आहे, ही बातमी तनुजाला चितेगावच्या कारखान्याच्या फाटकातच कळली. परदेशातून जाणती माणसं शोधून आणायची आणि टिकवायची, हे तिचं काम. त्यात आणणं सोपं. पुण्याला उतरलेला माणूस आपल्या देशाची चार टाळकी भेटली की रमतो. इथं त्याला काय दाखवणार? वेरूळ दोनदा बघून झालं तरी तिसरा रविवार यायचा राहत नाही.

मॅनेजर साहेबराव उभ्या उभ्याच बोलले. "तनुजा, त्याच्याबिगर रोबोंची लाइन उभी राहत नाय. तो गेला की लाइन गेली पुण्याला. चाळीस पोरं घेतलीत आपण तिच्यासाठी, तुझा सत्यमबी हाय त्यात."

सत्यम तिचा धाकटा भाऊ. मोसंबीची बाग वाळली तेव्हा घरात नुसताच बसून राहायचा. लाइनवर लागल्यापासून पुन्हा हसायला लागला होता.

"कारण काय सांगतो?"

"घरचं म्हणतो. बायकोला भेट त्याच्या. पाण्याचं तर कळलं नसंल?"

तनुजा तशीच पडेगावला, मारेकच्या घराकडं निघाली.

पाण्याचं असं होतं. चौदा महिन्यांपूर्वी, मुलाखतीतच, मारेकनं विचारलं होतं, तिथं पाणी कसं आहे? तनुजानं ठोकून दिलं, चोवीस तास! दुष्काळाचं तेव्हा पहिलंच वर्ष, पाऊस पडेल, सगळं निभावेल, असं तिला वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण पाऊस दुसऱ्याही वर्षी फिरकला नाही आणि मूठ झाकता झाकता बाईच्या नाकी नऊ आले. पडेगावच्या इमारतीवर तिनं पाहुण्यांसाठी वेगळी टाकी बसवली. मारेकची बायको इव्हा रोज लेकीला शाळेत सोडायला गेली की कंपनीचा टँकर यायचा आणि ती परतायच्या आत निघून जायचा. बाकीच्या घरांना महापालिकेचा टँकर सहाव्या दिवशी, तोही त्याच वेळी. त्यांनी बोंब मारू नये म्हणून तनुजानं दारोदार फिरून सांगितलं, आमच्या टँकरमधलं उरलेलं पाणी तुमचं, फक्त पाहुण्यांना टंचाईचा वाससुद्धा लागू द्यायचा नाही. लोकांनी आनंदानं मान डोलावली. शेजारून उसनी साखर आणून पाहुण्याला शिरा करायचा आणि वर "अजून घ्या ना" म्हणायचं, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही.

पडेगावला पोचल्यावर तनुजा आधी गच्चीवर धावली. टाकीचं झाकण उचललं. पाणी काठोकाठ होतं. तिच्या जिवात जीव आला, पण मग बिनसलं कुठं, हे काही तिला कळेना.

दुसऱ्या मजल्यावर इव्हानं दार उघडलं. हॉलमध्ये खोकी भरून ठेवलेली. औरंगपुऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे जाऊन ती मराठी शिकली होती, जपून जपून बोलायची.

"काही कमी पडलं का?" तनुजानं विचारलं. "वीज? शाळा? पाणी?"

"पाणी खूप आहे. सगळं आहे."

"मग?"

इव्हा खोक्यावर बसली. "मी मराठी शिकले. कुणाशी बोलू? मी समोर दार वाजवते. सारजाबाई बाहेर येतात, दार मागे ओढतात, हसतात. आत ये, कुणीच म्हणत नाही. परवा चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. सगळ्या बायका गेल्या. मी साडी नेसून बसले होते. मला डाळ आणि पन्हं दारात आणून दिलं." ती थांबली. "माझी मुलगी विचारते, आई, आपण घाण आहोत का?"

त्या बंद दारांमागं काय होतं, ते तनुजाला ठाऊक होतं. उंबऱ्यापासून ओट्यापर्यंत निळे ड्रम, बादल्या, घागरी, पातेली. आत घेतलं की दिसणार, दिसलं की ही विचारणार, आणि उरलेलं पाणी बंद होणार. म्हणून कुणी आतच घेतलं नव्हतं. करायला गेले गणपती, झाला मारुती!

अजूनही काही सबब सांगून त्यांना थांबवून बघता आलं असतं. खरं बोललं तर मारेक जाणार हे नक्की. पण ती पोर आयुष्यभर तो प्रश्न घेऊन हिंडली असती. तनुजानं इव्हाचा हात धरला आणि समोरचं दार वाजवलं.

सारजाबाई बाहेर आल्या, सवयीनं दार मागं ओढलं.

"मावशी, उघडा दार. सगळं."

"अगं पण, तूच तर..."

"उघडा म्हणते ना."

दार उघडलं. ड्रम दिसले. तनुजानं एका दमात सगळं सांगून टाकलं, मुलाखतीतल्या थापेपासून रोजच्या टँकरपर्यंत, आणि पोरीचा तो प्रश्नही सारजाबाईंच्या कानावर घातला.

"लई वेळा वाटलं, तुला आत घ्यावं," सारजाबाई इव्हाला म्हणाल्या. "पाण्याच्या लोभानं गप बसलो बाई. घाण तू नाय, आमचं वागणं घाण झालं." त्यांनी करंडा आणला आणि तिथंच, ड्रमांच्या मधे उभं करून, तिला हळदीकुंकू लावलं.

इव्हा रडायला लागली. "मी रोज झाडांना पाणी घातलं. मुलीसाठी टब भरला. तुम्ही बघत होता?"

"बघत होतो."

सारजाबाईंनी तिला जवळ घेतलं, तशी तनुजाच्या मनात वेडी आशा उसळली. "आता राहाल ना?"

इव्हानं डोळे पुसले. "पाणी नाही, असं सांगितलं असतं तर मी बादली घेऊन यांच्याबरोबर उभी राहिले असते. मला मैत्रिणी मिळाल्या असत्या. आता तू काहीही चांगलं सांगशील आणि मी दिवसभर विचार करेन, खरं काय असेल? नाही राहू शकत, तनुजा."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तनुजाला बरं वाटलं असतं.

जिन्यात फोन वाजला. साहेबराव होते. "काय झालं? थांबतायत ना?"

बघते, प्रयत्न चालू आहे, असलं काहीतरी जिभेवर आलंच होतं. ते तिनं गिळलं.

"नाय थांबत, साहेब. माझ्यामुळं चाललेत. पोरांना तुम्ही काही सांगू नका, मीच येऊन सांगते. सत्यमला सगळ्यात आधी."