रूफसची शीळ

त्या रविवारी ओक्लाहोमातल्या व्हर्लीनच्या घरात मुंगी शिरायला जागा नव्हती. चर्च आटोपून सगळे इकडेच आले होते. काचेच्या पेटीत रूफस अजगर मान उंच करून, तोंड अर्धवट उघडं ठेवून आढ्याकडे बघत होता आणि त्याच्या नाकातून बारीक शीळ येत होती.

"डॉयलच तो!" सिस्टर ओपल डोळे मिटून म्हणाली. मेलेल्यांचे निरोप आणणं हा तिचा धंदा. "मोटारी दुरुस्त करताना अशीच शीळ घालायचा ना गं?"

व्हर्लीनने मान डोलावली. नवरा डॉयल जाऊन पहिलाच हिवाळा; रूफस त्याचा जीव की प्राण. शीळ ऐकली की तिला रडू फुटे आणि बरंही वाटे. पेटीचा उबेचा दिवा तिने ओपलच्या सांगण्यावरून विझवला होता, कारण म्हणे आत्म्याला ऊब सोसत नाही. दिवा लावला की शीळ खरोखरच मंदावायची. आणखी काय पुरावा हवा?

"अगं, हा शेवटचा जेवला कधी?" डॉयलची बहीण इमोजीन खवळली आणि दुसऱ्या दिवशी ओपलच्या नाकावर टिच्चून प्राण्यांच्या डॉक्टर किरोगाबाईंना घेऊन आली.

बाईंनी आधी हात न लावता पाहिलं. नाकपुडीशी बुडबुडे होते. मग इमोजीनने रूफसचं अंग दोन्ही हातांवर तोललं आणि बाईंनी मऊ पट्टीने ओठ अलगद उचलला. "घरी जबडा उचकटायला जाऊ नका हं, दात मोडतात." आत लाल ठिपके होते, चिकट कफाच्या तारा होत्या.

"आडवा झाला की गुदमरतो, म्हणून मान वर. शीळ कफाची. उबेत श्वास जरा मोकळा होतो, थंडीत आजार बळावतो."

"अविश्वासाने आत्मा रुसतो!" ओपल किंचाळली.

"रुसू दे. साप तरी जगेल," इमोजीन म्हणाली.

पण औषधाला उशीर झाला होता. रूफस गेला. डॉयलच्या दफनालाही व्हर्लीन इतकी रडली नव्हती.

पुढच्या रविवारी दाराशी पुन्हा गर्दी. "रूफस डॉयलकडे पोचला," ओपलने सुरू केलं.

"तो थंडीने मेला, ओपल. दिवा मी विझवला होता." व्हर्लीन म्हणाली. "तो श्वास मागत होता गं, आणि मी निरोप ऐकत बसले. बाबांनो, मुक्या जनावराने तोंड उघडलं तर त्यात आपलं गेलेलं माणूस शोधू नका. आधी डॉक्टरला दाखवा."