कपाट तेवढं राहिलं

चिकटपट्टीच्या रिळाला एक मोजा चिकटला होता. अंगठ्यावर चढेल एवढा, पिवळा, टाचेशी जरासा मळलेला – मळायला गेला कुठे होता कोण जाणे, ज्याचा होता त्याला अजून धड बसताही येत नव्हतं – आणि दोन बोटांनी तो हलकेच सोडवता सोडवता बाळाच्या बापाच्या कानावर शेजारच्या खोलीतली कुरकुर आली. मधे फक्त पडदा असायचा, आणि तो पडदा त्यानंच सकाळी उतरवून घडी घालून ठेवला होता. त्यामुळे कुरकुर अगदी कानाशी बसून केल्यासारखी येत होती.

"तुझ्या बापाच्या हातून काही म्हणून सुटत नाही बघ. सकाळी माझ्या चष्म्याचं घर गेलं. आता गाळणी गेली. उद्या तुलाही कागदात गुंडाळील आणि वर लिहील, ही बाजू वर."

यावर बाळानं आपलं मत दिलं. ते बहुधा आजोबांच्या सदऱ्यावर पडलं, कारण पाठोपाठ "घ्या" असं ऐकू आलं आणि मग बराच वेळ नुसतं पुसणं.

तो स्वतःशीच हसला. मोजा खिशात टाकला. बांधाबांध हा त्याचा धंदाच होता. मिसरूड फुटल्यापासून तो लोकांची घरं कागदात गुंडाळून एका गावातून दुसऱ्या गावात पोचवत आला होता. ताटल्या आडव्या रचायच्या नाहीत, उभ्या लावायच्या, म्हणजे रस्त्यातला खड्डा त्यांना कळत नाही. पुस्तकं लहान खोक्यात, उशा मोठ्या खोक्यात. सगळ्यात आधी लागणारी वस्तू सगळ्यात शेवटी चढवायची… हे सगळं हातांना पाठ होतं. पण स्वतःचं घर बांधायची वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती, पण त्याला मजा येत होती. दुधाची बाटली गुंडाळताना, छोट्या बादलीत छोटा तांब्या बसवताना तो मधेच गुणगुणत असे. बाळ पहिल्यांदा हातात दिलं तेव्हा बायको पडल्या पडल्या म्हणाली होती, अरे, ते काचेचं नाहीये. पण त्याला दुसऱ्या तऱ्हेनं धरता येत नव्हतं. एक हात खाली, एक हात कडेला, आणि उंबरठा आला की आधी पायानं चाचपायचा. गंमत अशी, की बाळालाही तसंच धरलेलं आवडायचं. जन्मभर शिकलेली एखादी गोष्ट अशी घरात उपयोगी पडावी याचं त्याला अजूनही रोज नवल वाटे.

बायकोची बदली झाली होती. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती आणि तिकडच्या प्रयोगशाळेत तिला वरची जागा मिळाली होती. त्याच्या कंपनीचं गोदाम तिथंही होतं, मुकादमानं एक फोन केला आणि त्याचंही जमलं. सगळं कसं सुतासारखं सरळ. घर दोघं जाऊन बघून आले, बाळ खांद्यावर. पुढची खोली, झोपायची खोली, स्वयंपाकघर – आणि एक मागची खोली. लहानशी. खिडकीबाहेर कुणाचीतरी कपडे वाळत घालायची दोरी, आणि फरशीवर उन्हाचा चौकोन. तिथं दोघं उगाचच जरा जास्त वेळ उभे राहिले होते. "ऊन छान येतं इथे," ती म्हणाली. "येतं," तो म्हणाला. परत येताना वाटभर बोलणं झालं ते बाकीच्या खोल्यांच्या पडद्यांचं.

आता खोक्यांवर तो ठळक पेनानं लिहीत होता – स्वयंपाकघर, पुढची खोली, बाळ, बाळ, आणखी एक बाळ (एवढ्याशा जिवाला एवढं सामान लागतं, हे लग्नाआधी कुणी सांगत कसं नाही?). मागची खोली असं एकाही खोक्यावर नव्हतं. आणि पलीकडे आजोबांचं कपाट जसंच्या तसं उभं होतं, दाराला टॉवेल अडकवलेला, सगळ्या उघड्याबोडक्या घरात तेवढंच अंगभर कपड्यात असल्यासारखं.

मालकानं सांगितल्याशिवाय त्याच्या कपाटाला हात लावायचा नाही. हा मुकादमाचा पहिला धडा होता, आणि त्याला तो एका म्हातारीनं पक्का करून दिला होता – त्यानं उत्साहाच्या भरात तिचं कपाट बांधून टाकलं, आणि ती त्या खोक्यावर बसून राहिली, उठेचना. तिला जायचंच नव्हतं हे तिच्या मुलांना तेव्हा कळलं. तेव्हापासून तो थांबायला शिकला होता. म्हणून इथंही थांबला होता. वडील सांगतील. येतो म्हणतील, की लगेच बांधू, तासाभराचं काम. नाही म्हणतील तर… तर तसं. पण वडील काही म्हणत नव्हते आणि घरात सगळं बोलणं असं चालायचं की त्यात माणूसच नसे – तिकडे पाणी उकळून प्यावं लागेल. तिकडे जिने फार नाहीत म्हणे. कोण पिणार, कोण चढणार, ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

बायकोनं एकदा विषय काढला होता. भाजी निवडता निवडता, खाली मान घालून. मी चला म्हटलं तर बाळ सांभाळायला नेतेय असं वाटेल त्यांना, ती म्हणाली. तुझे वडील आहेत, तूच काय ते बघ. त्यानं मान डोलावली होती. मान डोलावणं फार सोपं असतं.

आणि खरं म्हणजे बोलायची गरजच कमी झाली होती, कारण आता सगळं बाळामार्फत चाले. आजोबांना सांग, पाणी तापलंय. तुझ्या आईला म्हणावं, मी दळण आणतो. तुझ्या बापाला विचार, हातोडी कुठे पुरलीस. निरोप्याला एक शब्द येत नव्हता, पण तो प्रत्येकाकडे बघून हसायचा आणि निरोप पोचायचा. वडील जन्मभर टेलिफोनच्या तारा जोडत हिंडले, खांबावर चढून लोकांची बोलणी लोकांपर्यंत पोचवली. घरी आले की मुके. आता नातवामुळे त्यांना कंठ फुटला होता. बाळ जन्मल्यापासून 'बाबा' हा शब्दही वडिलांच्या हातातून सरकून त्याच्याकडे आला होता. सुरुवातीला कुणी बाबा म्हटलं की दोघंही वळून बघत, मग वडील वळेनासे झाले. तोही त्यांना आजोबाच म्हणू लागला. कितीतरी महिन्यांत त्यानं आपल्या वडिलांना हाक अशी मारलीच नव्हती.

चांगलं चाललं होतं, नाही असं नाही. खोके रचता रचता त्याला नवं घर दिसू लागे – संध्याकाळ, दिवा, ती दमून आलेली, बाळ चटईवर पालथं पडून पोहल्यासारखं करतंय, आणि आपण बनियनवर, मोठ्यानं बेसूर गातोय, कुणी खाकरत नाही… एवढं स्पष्ट दिसे की त्यातला वासही येई, नव्या रंगाचा. तिघंच. हे चित्र त्यानं कुणाला दाखवलं नव्हतं. कुणी बघितलं नाही तोवर त्यात चुकीचं काय होतं?

दुपारी बायको चहा घेऊन आली. कप सगळे बांधलेले, म्हणून एक पेला, एक वाटी, आणि तिच्या स्वतःसाठी बाळाचं दूध मोजायचं भांडं. माझा चहा आज मापात, ती म्हणाली. तिघं आजोबांच्या खोलीत बसले, कारण बसायला जागा तिथंच उरली होती. आजोबा भिंतीला टेकून, बाळ त्यांच्या छातीवर पालथं, एक पाय उघडा. तो खिशातला मोजा काढून चढवायला वाकला. वडिलांच्या सदऱ्याला दुधाचा आंबूस वास येत होता आणि खाली श्वास, म्हाताऱ्याचा मोठा, त्यावर बाळाचा छोटा, होडी लाटेवर ठेवावी तसा.

बायको मापाच्या भांड्यात बघत, नेहमीच्या सुरात म्हणाली, "आजोबांना विचार बरं, कपाटाचं –"

आणि थांबली. निरोप्या झोपला होता. तोंड अर्धं उघडं, मूठ सदऱ्याच्या बटणाला.

टॉवेल कपाटाच्या दारावर लोंबत होता. चहावर साय धरत होती. हे वाक्य आता कुणाच्या अंगावर घालावं हे तिला कळेना, आणि त्यालाही. त्यानं पुन्हा एकदा तोच मोजा नीट केला, जो नीटच होता.

मग वडील बोलले. बाळ उठू नये म्हणून छाती हलू न देता, हळू, समोरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत.

"मला चला असं अजून कुणी म्हटलेलं नाही."

रागानं नाही. गाळणी कुठे गेली म्हणावं, तसं.

म्हणजे इतके दिवस हे थांबले होते. आणि मी… मी कशासाठी थांबलो होतो? त्यानं त्या दिव्याच्या, बेसूर गाण्याच्या चित्राकडे पुन्हा बघितलं, आणि त्याला दिसलं की तो 'येतो' ऐकायला थांबला नव्हताच. मुकादमाचा धडा त्यानं फार सोयीनं लक्षात ठेवला होता. आणि आता चला म्हणावं, तर ते मागितल्यावर वाढल्यासारखं. तरी चित्र मोडलं नाही, हेच विचित्र. दिवा तसाच होता, चटई तशीच. फक्त मागच्या खोलीतून कुणीतरी खाकरलं, आणि चटईवरचं पोर मान वळवून तिकडे बघू लागलं.

"बाबा," तो म्हणाला.

दोन्ही ओठांनी म्हणायचा एवढासा शब्द, पण दारात अडलेल्या अवजड कपाटासारखा वाटला. अशा वेळी ओढायचं नसतं, थोडं मागे घ्यायचं, जरा तिरकं करायचं, हे त्याला ठाऊक होतं. वडिलांनी वळून बघितलं. बऱ्याच दिवसांनी. आणि तो पुढचा शब्द दोन्ही हातांनी खालून धरून, पायानं उंबरठा चाचपत राहिला.