नेपच्यून अठरा मीटर पुढे

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी नेपच्यूनच्या खड्ड्यात मामांची पहार जमिनीखालच्या विजेच्या केबलला लागली आणि मामा जागच्या जागी कोसळले.

मित्रांनो, मी एक जुनी मोजमापाची टेप आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा पुरी तीस मीटर होते. शाळेच्या मैदानावरच्या धावपट्ट्या मीच आखल्या, लांब उड्या मीच मोजल्या. मग एकदा लोखंडी दारात सापडून माझा पहिला मीटर तुटला. नवी टेप कोणी आणली नाही. माझे टोक आता एकच्या आकड्यापासून सुरू होते, हे सगळ्यांना ठाऊक होते. लिहिलेले मात्र कुठेच नव्हते.

यंदा विज्ञानाच्या बाईंनी रस्त्याच्या कडेने सूर्यमाला मांडायला घेतली. एक कोटी किलोमीटरला एक मीटर. पृथ्वी पंधरा मीटरवर, नेपच्यून साडेचारशेवर. केबल चारशे साठच्या पुढे आहे, हे त्यांनी नकाशात पाहून ठेवले होते.

माझे तुटके टोक सूर्याच्या खुंटीपाशी प्रयोगशाळेच्या मामांकडे, रीळ बाईंकडे.

"मामा, सूर्य आहे तो, भाजाल हं!" बाई लांबून ओरडल्या.

"तुम्ही नुसता आकडा वाचा हो बाई, बाकी माझ्यावर सोडा."

पंचवीस मीटरचा एक, असे अठरा टप्पे. तुटलेला मीटर भरून काढायला मामा दर टप्प्याला लाकडी मीटरपट्टी ठेवून माझे टोक खुंटीच्या एक मीटर पुढे धरत होते. तोच मीटर भरून काढायला बाई पंचविसाऐवजी सव्विसाच्या आकड्यावर खूण करत होत्या. दोघेही काटेकोर. एकाने दुसऱ्याला सांगितले नाही. अठरा टप्प्यांत अठरा मीटर वाढले आणि शेवटची खुंटी केबलच्या डोक्यावर ठोकली गेली. तिथेच मामा नेपच्यूनच्या फलकासाठी खड्डा खणू लागले.

चौकशीवाल्यांनी नव्या टेपने मोजले. चारशे अडुसष्ट. मला पिशवीत घालून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवले.

"मामांनी टोक नीट धरलं नसणार," मुख्याध्यापक म्हणाले. बाई पुढच्या तासाला निघून गेल्या.

मित्रांनो, माझी कीव करू नका. हत्यार मोडले तर बदला. बदलता येत नसेल तर त्यावर तसे लिहा, आणि कामाला हात लावण्याआधी जोडीदाराला तोंडाने सांगा.

आज सकाळी मामांची मुलगी शाळेत आली होती. "बाई, सगळे बाबांनाच बोल लावतायत. तुम्ही होतात ना तिथे?"

अहवाल सोमवारी जायचा आहे. मामा अजून शुद्धीवर आलेले नाहीत. सव्विसाच्या खुणेचे बाईंनी अजून कोणालाही सांगितलेले नाही.