तीन खंडांचं पान

श्रीधर आगाशे यांनी मेपलचं जिवंत झाड आयुष्यात एकदाही पाहिलेलं नव्हतं. तरीही पुण्यात मेपलवर बोलायचा अधिकार कुणाला असेल तर तो आपल्यालाच, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. का असावी? उभी हयात त्यांनी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. कॉलेजच्या कपाटात हिमालयातून आलेल्या, वाळवून कागदावर चिकटवलेल्या फांद्यांची चळत होती आणि त्यातला प्रत्येक कागद त्यांनी भिंगाखाली घातला होता. या शहरात माणसं याहून कमी भांडवलावर याहून मोठमोठ्या विषयांवर बोलतात. सरांकडे निदान कपाट तरी होतं.

त्यांचा एक नियम होता. कुणी नुसतं पान घेऊन आलं की ते पान परत करायचे. "मी ज्योतिषी नाही. फांदी आणा." फांदी आणली की ती हातात घ्यायचे, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक ते बघायचे, पान बोटांत धरून त्याची जाडी बघायचे, उलटं करून पाठ बघायचे, आणि मगच नाव सांगायचे. हातात घेतल्याशिवाय नाव घ्यायचं नाही, हे वाक्य त्यांनी इतक्या पोरांना ऐकवलं होतं की पोरं त्यांची नक्कल करताना तेच म्हणायची.

सगळ्यात चांगली नक्कल त्यांचा भाचा श्याम करायचा. श्याम म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचा, सुनीतीचा, एकुलता एक मुलगा. सुनीतीचे यजमान लवकर गेले. कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये मायलेक दोघंच राहायचे. श्याम एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि सुट्टी मिळाली की पाठीवर सॅक टाकून एकटाच डोंगरात पळायचा. सरांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं, बायको जाऊनही बरीच वर्षं झाली होती. त्यामुळे हा पोरगा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तसं तोंडाने कबूल करतील तर ते आगाशे कसले.

त्या ऑक्टोबरात श्याम उत्तराखंडात गेला. मुक्कामाच्या गावातून निघताना त्यानं आईला फोनवर सांगितलं की इथून पुढे दोन वाटा फुटतात. एक नदीच्या कडेकडेनं, जंगलातून खालच्या गावाला जाते. दुसरी चढत चढत वरच्या कुरणांवर. सकाळी जशी लहर येईल तसा जाईन, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या मोबाइलवर एक फोटो आला. एकच पान, तीन बोटांसारखे तीन खंड पडलेलं, आणि खाली, "मामा, मेपल ना?" सरांनी चष्मा लावून उत्तर टाइप केलं, "एका पानावरून सांगत नसतो. फांदी पाठव." थोड्या वेळानं दुसरा फोटो आला. श्यामचा हात, हातात कोवळी फांदी, फांदीवर समोरासमोर पानं, त्यातलं एक उलटं वळवलेलं. खाली लिहिलं होतं, "घ्या आगाशे सर. पाया पडतो." सर एकटेच हसले. उत्तर जेवल्यावर देऊ म्हणाले, आणि जेवल्यावर त्यांचा डोळा लागला.

संध्याकाळी त्या भागात अवेळी बर्फ पडलं. श्यामचा फोन लागेना. रात्र गेली, पुढचा दिवस गेला, तरी लागेना, तेव्हा सुनीतीनं तिथल्या पोलिसांना गाठलं आणि भावाला बोलावून घेतलं.

तिकडचा अधिकारी सज्जन होता. त्यानं स्पष्ट सांगितलं, माणसं थोडी आहेत, दोन्ही वाटांवर एकदम जाता येणार नाही. मोबाइलचा टॉवर दोन्हीकडे एकच, त्यावरून काही कळत नाही. मुलगा कुठल्या वाटेनं गेला असेल, घरच्यांना काही अंदाज आहे का? नसेल तर खालून सुरुवात करतो, ती वाट जवळ पडते.

सुनीतीनं फोनवर हात ठेवला. "दादा, त्यानं तुला झाडाचा फोटो पाठवलाय ना? झाडावरून कळेल का रे, तो कुठे होता ते?"

कळणार होतं. हेच तर सरांना येत होतं. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला आणि बहिणीला वर्गात सांगावं तसं सांगू लागले. पानं समोरासमोर आहेत, म्हणजे मेपल नक्की. हे बघ, देठापाशी तीन ठळक शिरा फुटल्यात. पाठ पांढुरकी, खडू फासल्यासारखी. आता प्रश्न एवढाच की कुठलं मेपल. त्या बाजूला खालच्या जंगलात वाढतं त्याचं पान अखंड असतं, लांबट, थेट जांभळाच्या पानासारखं. त्याला खंड नसतात. खंड पडलेली पानं वरच्या मेपलांची, थंडीतल्या. आणि याला तर तीन खंड आहेत, मधल्याला लांब टोक.

"म्हणजे?"

सरांनी फोटो आणखी मोठा केला. पान जाड आहे की पातळ, हे फोटोत दिसत नव्हतं. खालच्याचं पान चिवट, चामड्यासारखं, आणि वरच्याचं पातळ, एवढं त्यांना ठाऊक होतं. हातात घेतल्याशिवाय नाव घ्यायचं नाही, हेही ठाऊक होतं. पण बहीण तोंडाकडे बघत होती, फोनवर माणूस खोळंबला होता, आणि कपाटात त्या खालच्या जातीचे जेवढे कागद होते, त्यातल्या एकूण एक कागदावरचं पान अखंड होतं. शिवाय, खरं सांगायचं तर, साऱ्या जन्माचं शिकलेलं आज कुणाच्या तरी उपयोगी पडतंय याचं त्यांना आतून बरंही वाटत होतं. माणूस असाच असतो, घर जळत असलं तरी आपल्याला पोहता येतं हे सांगायची हौस जात नाही.

"वर," ते म्हणाले. "वरच्या वाटेनं गेलाय. शंकाच नको."

पथक वर गेलं. वर बर्फ गुडघाभर होतं. आठवडाभर त्या माणसांनी जिवाचं रान केलं, काही सापडलं नाही. मग खालच्या वाटेवरही एक फेरी मारून आले, पण एव्हाना तिथेही बर्फ पोचलं होतं. थंडी संपेपर्यंत काही करता येणार नाही, असं कळवून त्यांनी शोध थांबवला.

मार्चमध्ये श्याम सापडला. खालच्या वाटेपासून जरा आत, ओढ्याच्या काठी, एका कपारीत. पाय मोडलेला होता. बिस्किटांचे रिकामे कागद त्यानं नीट घडी करून दगडाखाली ठेवले होते, वाऱ्यानं उडून जंगलात कचरा होऊ नये म्हणून. पोरगा शेवटपर्यंत आईच्या वळणाचा राहिला. डॉक्टर म्हणाले, पडल्यानंतर चार-पाच दिवस तरी जिवंत असावा.

तो खाली कसा, याचं उत्तर सरांनी लगेच दिलं. वर गेला, मेपल बघितलं, बर्फ दिसलं म्हणून परतला आणि उतरताना पाय घसरला. यात न पटण्यासारखं काही नव्हतं. सुनीतीला पटलं. भेटायला येणाऱ्यांना ती आपणहून सांगायची, दादानं एका पानावरून वाट ओळखली हो, पण नशिबापुढे काय चालतं. सर शेजारच्या खुर्चीत बसून ऐकायचे. सांगू नको म्हणावं असं त्यांना कधी वाटलं नाही.

जुलैत तिच्या मनात आलं की सोसायटीच्या बागेत श्यामच्या नावानं एक झाड लावावं, आणि ते मेपलच असावं. ते इथे जगणार नाही, असं सरांनी दहादा सांगितलं. "न जगू दे," ती म्हणाली. तिच्या ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं होतं की लोणी काळभोरला एका नर्सरीत हिमालयातलं मेपल मिळतं. दोघं स्वारगेटहून बसनं गेले.

नर्सरीवाला सर्जेराव गडी उमदा होता. "या ताई, सर. मेपल हाय की. डेहराडूनचा माल हाय, बंगलेवाले नेत्यात हौसेनं." त्यानं त्यांना जाळीखाली नेलं, कमरेएवढी रोपं दाखवली आणि दुसरं गिऱ्हाईक आलं म्हणून तिकडे गेला.

सर दोन पावलांवर थबकले. ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. वरची पानं अखंड, लांबट, जांभळासारखी. समोरासमोर. पाठ पांढुरकी. हे खालच्या जंगलातलं मेपल, कपाटातलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा जिवंत समोर उभं होतं, आणि सरांना खरोखर आनंद झाला. तेवढा एक क्षण.

सुनीती खाली बसली होती. ती म्हणाली, "दादा, हे बघ."

बुंध्याजवळून फुटलेल्या कोवळ्या फांदीवर पानं होती, ती तीन खंडांची होती. मधल्या खंडाला लांब टोक. शेजारच्या रोपाला तशीच. त्याच्या पलीकडच्यालाही. लहानपणी तीन खंडांचं, मोठेपणी अखंड, एकाच रोपावर दोन्ही. सरांनी वाकून पान बोटांत धरलं. जाड होतं, चिवट, चामड्यासारखं. त्यांच्या कपाटातले कागद मोठ्या झाडांच्या फुललेल्या फांद्यांचे होते. रोपाची फांदी कापून वाळवायला कुणाला सुचतंय? पुस्तकात एखादी ओळ असेलही बारीक अक्षरात. कपाट पाठ असलेल्या माणसानं ती कधी वाचली नव्हती.

सुनीतीनं पर्समधून मोबाइल काढला. श्यामचा तो शेवटचा फोटो तिनं सरांकडून केव्हाच मागून घेतला होता. त्यातली फांदी तिनं पडद्यावर आणली आणि रोपाशेजारी धरली. बघायची गरजच नव्हती, पण ती बराच वेळ बघत राहिली. सरांनी तिला सगळं शिकवलं होतं. पानं समोरासमोर, तीन शिरा, पांढुरकी पाठ. ती एकेक खूण बोटानं पडताळत गेली.

"हे वरचं का खालचं, दादा?"

वरचं म्हणता आलं असतं. तिनं विश्वास ठेवला असता, कारण आजवर ठेवलाच होता. सरांचं तोंड उघडलंसुद्धा. पण झाडाचं नाव खोटं सांगणं त्यांना आयुष्यात जमलेलं नव्हतं, ते आताही जमलं नाही.

"खालचं," ते म्हणाले.

"म्हणजे तो वर गेलाच नव्हता."

"नाही."

"तिथेच होता तो. आपण त्यांना वर धाडलं तेव्हा तिथेच बसला होता."

 सर कुंड्यांच्या कट्ट्यावर टेकले. बहिणीच्या पायावर डोकं ठेवावं असं त्यांना वाटलं, पण ते कट्ट्यावरच बसून राहिले. सर्जेराव परत आला. कुठलं रोप बांधू, म्हणून त्यानं विचारलं. सुनीती उठली, साडीवरची माती झटकली आणि नको म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सरांना सोसला असता.

परतीच्या बसमध्ये ती बायकांच्या जागेवर पुढे बसली. सर मागे उभे राहिले. हडपसर गेलं, रेसकोर्स गेलं, तिनं एकदाही मागे पाहिलं नाही. स्वारगेटला उतरल्यावर ती कर्वेनगरच्या बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली. सर तिच्यामागे उभे राहिले, जरा अंतर ठेवून. "सुनीती, अगं, त्या वेळेला मला जे दिसलं..." एवढंच त्यांच्या तोंडून फुटलं.

"तू घरी जा, दादा," ती म्हणाली. "आणि श्याम कसा गेला म्हणून कुणी विचारलं, तर माहीत नाही म्हण. तेवढं जरी तेव्हा म्हणाला असतास, तरी ते खालूनच निघाले असते."

बस आली. ती चढली.