बिनकुलपाच्या गावातली किल्ली

मी किल्ली बोलतेय. वीतभर लांब, चांगली जाडजूड लोखंडी. पॅलेस्टाईनमधल्या एका गावच्या लोहाराने मला घडवलं. अठ्ठेचाळीस साली लढाई पेटली, तेव्हा खलीलच्या आईने घराला कुलूप लावलं, मला कमरेला खोचलं आणि ‘आठ दिवसांत परत येऊ’ म्हणून निघाली. माणसं किती सहज बोलून जातात हो! पुढची वीसेक वर्षं माझी निर्वासितांच्या छावणीत गेली.

खलील छावणीतच जन्मला. तो भारतात, राहुरीला शेतीचं शिकायला निघाला, तेव्हा आईने मला त्याच्या खिशात घातलं. पोरगा गुणाचा. मराठीही लवकर शिकला. मला गंज चढू नये म्हणून तेलाचं बोट लावायचा.

बहात्तरच्या दुष्काळात आईचं पत्र आलं. आमचं गाव आता इस्रायलमध्ये होतं; सदुसष्टच्या लढाईनंतर तिकडे जाता येऊ लागलं, तेव्हा ती जुनं घर बघून आली होती. दार तेच, कुलूप नवं. आत राहणाऱ्या बाईने दार उघडलं. तीही कुठल्याशा देशातून जीव वाचवून आलेली. तिने पाणी दिलं आणि दार लावून घेतलं. खरं सांगते, मला फार वाईट वाटलं.

खलील तर पार खचला. त्याचा मित्र गोरक्ष त्याला आपल्या घरी, शिंगणापूरला घेऊन आला. तिथे घरांना दारंच नाहीत! मला तर तो माझा अपमानच वाटला. खलीलने मला गोरक्षच्या आईपुढे, छबूबाईंपुढे ठेवलं.

“मावशी, ही तुम्ही ठेवा. मला नको आता.”

“न्हाई रं बाबा. आमच्यात कुलूप न्हाई, किल्ली बी न्हाई. शनिदेवाला चालत न्हाई. तुजी तू ने.”

“कशाला? ती आता लागत नाही.”

छबूबाई नुकत्याच कोसभरावरून हंडा घेऊन आल्या होत्या. त्यांनी तांब्या भरून त्याच्यापुढे ठेवला.

“त्या बाईनं तुज्या आईला पानी पाजलं न्हवं? मग लई वाईट न्हाई ती. पर घर तुज्या आईचं, ह्ये बी खोटं न्हाई. जा, तिला ही दाव. बस तितं, बोल.”

“ती दार लावून घेईल.”

“मग परत जा.”

खलील लहान मुलासारखा रडला. छबूबाईंनी पदराने त्याचे डोळे पुसले आणि ओल्या हातानेच मला त्याच्या खिशात घातलं. छबूबाईंवर माझा तेव्हापासून फार जीव आहे.

परीक्षा झाली. आता आम्ही मुंबईहून बोटीने निघालोय. त्या नव्या कुलपात मी बसणार नाही, हे मला कळून चुकलंय. पण बाई, तू जी कोणी त्या घरात राहतेस, तुला सांगते. खलील येईल आणि मला तुझ्या हातावर ठेवील. मी जड आहे, सांभाळून धर. आणि मी तुझ्या हातात असेपर्यंत तरी दार लावू नकोस.