एप्रनच्या खिशातला कॅमेरा

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये ती कामाला होती, म्हणून तिथले सगळे तिला कवळीताई म्हणत. मेणाच्या पट्टीवर एकेक दात बसवायचा, हिरड्यांचा गुलाबी रंग जुळवायचा. हात चालू आणि तोंड बंद असं ते काम, आणि तिला ते मनापासून आवडायचं. नवरा लिफ्टच्या कंपनीत तक्रारी घ्यायचा. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की फोन त्याच्याकडे लागे, आणि माणूस सुटेपर्यंत तो त्याच्याशी बोलत राही. "घाबरू नका, मी आहे ना," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याच्या आवाजाने माणसं खरंच शांत होत. घरीही तो आवाज कधी चढला नाही, त्यामुळे ताईला आपली अडचण कुणापुढे मांडायची सोयच नव्हती. ऐकणारा म्हणाला असता, एवढा सोन्यासारखा नवरा, आणि तुझं काय मधेच.

अडचण अशी होती की तिच्या फोनमधला प्रत्येक फोटो आपोआप त्याच्या फोनवर जायचा. आठवणी हरवू नयेत म्हणून त्याने लग्नानंतर लगेच तशी सोय करून ठेवली होती. एकदा तिने वाटेतल्या एका पिवळ्या भिंतीचा फोटो काढला. पोपडे असे सुटले होते की भिंतीवर नकाशा काढल्यासारखा वाटत होता. मिनिटभरात फोन आला. ही भिंत कुठली, तू लॅबमध्ये नाहीस का? रागाने नाही, नुसती चौकशी. दातांचे साचे ओतायचं प्लॅस्टर संपलं होतं, ते आणायला बाहेर पडले, असं तिने सांगितलं. मग तो म्हणाला की बरं, बरं, काळजी वाटली. दुसऱ्यांदा तिने लॅबमधल्या सिरॅमिकचे दात घडवणाऱ्या कारागिराचे हात टिपले, तर ते हात कुणाचे, माणूस केवढा आहे, हे त्याने जेवताना तीनदा फिरवून फिरवून विचारलं. म्हातारा आहे रे, पुढच्या वर्षी निवृत्त होईल, असं तीही तीनदा बोलली. पुढे पुढे काही नजरेत भरलं की आधी उत्तर तयार करायचं आणि मग फोटो काढायचा, अशी तिला सवय लागली. शेवटी तिने फोटो काढणंच सोडून दिलं.

म्हणून तिला कॅमेरा हवा होता. खिशात मावेल असा, फोनशी काही देणंघेणं नसलेला. एके दिवशी तिने सहज बोलल्यासारखं करून विषय काढला. दातांच्या छटा नीट टिपता येतील, एरवीही रोजचं काहीबाही काढता येईल. तो खूश होईल, हे मात्र तिच्या हिशेबात नव्हतं. आठवडाभर तो व्हिडिओ बघत बसला आणि सुट्टीच्या दिवशी तिला घेऊन दुकानात गेला.

दुकानाची मालकीण साठीची होती. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. कोण वापरणार, असं तिने विचारलं. "ही," नवरा म्हणाला. कशासाठी, असं विचारल्यावर उत्तरही त्यानेच दिलं. मालकिणीने काचेवर चार कॅमेरे मांडले. लांबचं जवळ आणणारा हा, पण खिशात फुगतो. अंधाऱ्या खोलीत चांगला चालणारा हा काळा. पाण्यात पडला तरी चालणारा तो तिसरा. रोजच्यासाठी घ्यायचा तर जो घरी विसरायची इच्छा होत नाही तोच घ्यावा, असं तिचं म्हणणं होतं. चौथा राखाडी होता, साबणाच्या वडीएवढा. ताईने तो उचलून कोटाच्या खिशात टाकला. खिसा जरासुद्धा फुगला नाही.

"तो जुना आहे," मालकीण म्हणाली. "त्यातले फोटो फोनवर जात नाहीत. त्याच्याच पडद्यावर बघायचे, नाहीतर कार्ड काढून."

हाच, असं ताईच्या मनाने त्या क्षणी घेतलं. छान आहे, एवढं ती बोललीही. नवऱ्याने तो तिच्या हातून घेतला, उलटासुलटा केला आणि लहान मुलाला समजवावं तसा हसला. ह्याचं कार्ड हरवलं तर? काळ्यामधून फोटो निघाला की थेट फोनवर, शिवाय कुठे काढला तेही नोंदलं जातं. सगळं सुरक्षित राहील. मालकीण त्याच्याकडे न बघता ताईकडे बघत होती. "तुम्हाला कुठला हवाय?" तिने विचारलं.

ताईने तोंड उघडलं. तेवढ्यात खांद्यावर त्याचा हात आला. "घाबरू नकोस. वापरायला सोपा आहे. मी आहे ना."

तिने काळ्याकडे बोट दाखवलं.

कॅमेरा चांगलाच होता. दातांच्या छटा हुबेहूब यायच्या. पण आता नवं सुरू झालं. संध्याकाळी तो विचारायचा, आज काहीच काढलं नाहीस? म्हणजे फोटो काढला तरी प्रश्न आणि नाही काढला तरी प्रश्न. मग ती हजेरी लावल्यासारखे फोटो काढू लागली. दात, दात, खिडकी, पुन्हा दात. तो कौतुक करायचा.

एके दिवशी मधल्या सुट्टीत तिने फोन लॅबच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि काळा कॅमेरा घेऊन दुकान गाठलं. मालकिणीने ओळखलं. हा मोठा पडतो, असं ताई म्हणाली. मालकिणीने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवून तिच्याकडे पाहिलं. मग ताईलाच ते खोटं टिकवता येईना. "मोठा नाही हो. ह्यातलं सगळं घरी दिसतं."

मालकिणीने पुढे काही विचारलं नाही. राखाडी कॅमेरा कपाटातून काढला, फडक्याने पुसला आणि तिच्या हातात दिला.

लपवता आलं असतं, पण लपवलेलं सांभाळायचं म्हणजे आणखी एक उत्तर कायम तयार ठेवायचं. म्हणून संध्याकाळी तिने कॅमेरा सरळ टेबलावर ठेवला.

"बदलून आणला. ह्यातले फोटो तुला येणार नाहीत."

"असं काय काढणार आहेस तू?"

"काही नाही. भिंती, जिने."

"मग मला दाखवायला काय हरकत आहे?"

"हरकत नाही," ती म्हणाली. "पण दाखवणार नाही."

तो चिडला नाही. तुला वाटेल तेव्हा दाखव, माझी घाई नाही, असं म्हणून त्याने भांडी घासली, सकाळी चहाही केला. त्या चांगुलपणाने तिचा जीव गुदमरला. दोनदा तर कॅमेरा त्याच्या हातात ठेवून मोकळं व्हावं, असं तिला वाटून गेलं. दोन-चार दिवसांनी नाश्ता करताना तो सहज म्हणाला, "त्या जिन्यावर एवढा अंधार असतो, एकटी जात जाऊ नकोस."

ताईने घास खाली ठेवला. त्या जिन्याबद्दल ती त्याला बोलली नव्हती, तो फक्त कॅमेऱ्यात होता. लॅबचा एप्रन दारामागे टांगलेला होता. खिशातून कॅमेरा काढून पाहिला, तर कार्डाचं झाकण अर्धवट लागलेलं. तिने ते दाबून नीट लावलं, आणि त्याला त्यात काही बोलण्यासारखं वाटलं नाही.

त्या दिवसापासून कॅमेरा घरी येईनासा झाला. लॅबच्या ड्रॉवरला कुलूप होतं, किल्ली तिने सिरॅमिकच्या म्हाताऱ्याकडे ठेवायला दिली. त्याने काही न विचारता ती आपल्या जुडग्यात ओवली. मधल्या सुट्टीत ताई बाहेर पडायची. पाण्याच्या टाकीची सावली, बंद शटरवरची धूळ, बाकावर झोपलेला टपालवाला. कशाचंच उत्तर तयार न करता ती बटण दाबायची. अर्धा तास तेवढा तिचा होता.

घरी कॅमेरा दिसेना म्हणून नवऱ्याने विचारलं. लॅबमध्येच असतो, असं तिने सांगितलं. तिथे चोरीला जाईल, तो म्हणाला. जाऊ दे, ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी लॅब सुटली तेव्हा तो फाटकाशी उभा होता. हसतमुख, आज लवकर सुटलो म्हणून तुला न्यायला आलो, म्हणाला. त्याच्या पुढच्या दिवशीही तो उभा होता. लॅबमधल्या बायकांना त्याचं फार कौतुक वाटलं.

त्याने तिच्या खांद्यावरची पिशवी आपल्याकडे घेतली. चालता चालता पिशवीच्या तळाशी हात लावून वजन पाहिलं. मग पिशवी खांद्यावर टाकून तो तिला तिचा दिवस कसा गेला ते विचारू लागला.