हरिदास वकिलांची कॅसेट

सतबीरनं कापडी पिशवी मांडीवर ओढून घेतली, तेव्हाच इंदुमतीबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

तेराव्याची पंगत उठली होती. नोएडातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दाराशी चपलांचा ढीग, भिंतीशी त्यांच्या नवऱ्याचा, हरिदासरावांचा फोटो आणि फोटोजवळ टेपरेकॉर्डर. टेपवर हरिदासराव स्वतः यमन गात होते. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी भरलेली एकुलती एक कॅसेट. "मी गेल्यावर भजनं नकोत, हीच लावा," असं ते थट्टेत म्हणायचे. बाईंना आता ती ऐकवतही नव्हती आणि बंदही करवत नव्हती.

सतबीर टेपला खेटून बसला होता. चौकीदारानं त्याला फाटकावर अडवलंच होतं; बाईंनी गॅलरीतून हात केला म्हणून सोडलं. हात केला खरा, पण तेव्हापासून त्यांची नजर त्याच्यावरून हलली नव्हती.

हरिदासरावांनी चोरीच्या आरोपातून सोडवलेला इलेक्ट्रिशियन तो. ज्यांना वकील परवडत नाही त्यांना कोर्ट सरकारी खर्चानं वकील देतं; हरिदासराव जन्मभर तसलेच वकील राहिले. भोवती नवेनवे सेक्टर उठले, बरोबरीचे वकील बिल्डरांची कामं घेऊन मोटारीतून फिरू लागले. हे आपले मुलाला, विक्रांतला स्कूटरवर मागे बसवून कॉलेजला सोडायचे आणि गुणगुणत कोर्टात जायचे. युक्तिवाद रंगला की टेबलावर ठेका धरायचे. एकदा जज्जसाहेब वैतागून म्हणाले, "वकीलसाहब, दलील दीजिए, ताल नहीं." घरी येऊन हे त्यांनीच हसत हसत सांगितलं होतं.

सुटलेल्या अशिलांना ते गणपतीत घरी जेवायला बोलवत. बाईंना ते कधीच पटलं नाही. "खरं सांगा, यानं चोरी केली होती का?" त्या खोदून खोदून विचारायच्या. हरिदासराव उत्तर म्हणून एखादी चीज गुणगुणू लागायचे आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पाहुणे गेले की त्या आधी चांदीच्या वाट्या बघून यायच्या.

कॅसेटची बाजू संपली. चहा फिरला, गप्पा झाल्या. दुसरी बाजू लावायला विक्रांत टेपजवळ गेला आणि तिथंच थबकला.

"आई, कॅसेट नाहीये!"

टेपजवळ कोण बसलं होतं, हे सगळ्यांनीच पाहिलं होतं.

"मी मंडळात म्हटलंच होतं," शेजारच्या चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, "असल्या लोकांना घरात घेऊच नये."

विक्रांत सतबीरसमोर उभा राहिला. "भैया, थैला दिखाना ज़रा."

सतबीर उठला. पिशवी त्यानं छातीशी धरली. "इसमें मेरा सामान है, साहब."

"तो दिखाने में क्या है? गार्ड को बुलाऊँ?"

सतबीरनं बाईंकडे पाहिलं. उघड बाबा, एकदाची उघड, असं त्यांनाही मनापासून वाटत होतं. त्यांचा नवरा आता त्या कॅसेटपुरताच तर उरला होता. उद्या सकाळी या घरात तो आवाजही नसेल.

आणि त्यांना याच सतबीरचा खटला आठवला. कुठल्याशा कोठीत, मोठ्या बंगल्यात, हार हरवला आणि मालकानं याला जिन्यात, सगळ्यांदेखत उघडा करून तपासलं. काही सापडलं नाही, तरी पोलिसांत दिलंच. तो खटला हाती आला त्या संध्याकाळी हरिदासराव जेवले नव्हते. तानपुरा घेऊन बसले, पण सूर लागेना. "घरात सगळेच होते गं," ते म्हणाले होते. "कपडे एकट्याचे उतरवले."

"विक्रांत," बाई पुढे झाल्या. "झडती घ्यायची तर सगळ्यांची घे."

"झडती म्हणजे?"

"तलाशी. माझ्या कपाटापासून सुरू कर. मग चंद्रप्रभाबाईंची पर्स."

चंद्रप्रभाबाईंनी पर्स पदराखाली घेतली. "म्हणजे आम्ही चोर?"

"नाही. मी त्यालाही चोर म्हणत नाहीये."

कुणीच पुढे आलं नाही. कुणीतरी घड्याळ बघितलं, कुणी चपला शोधू लागलं.

"भैया, आप जाओ," बाई म्हणाल्या. "खाना खाया ना?"

"जी, माताजी." एका हातानं त्यानं त्यांच्या पायांना स्पर्श केला, दुसऱ्या हातानं पिशवी छातीशी तशीच घट्ट धरलेली होती. बाईंच्या नजरेला नजर न देता तो निघून गेला.

पाहुणे पांगल्यावर विक्रांतनं दार लावलं.

"आई, खरं सांग. त्यानंच नेली ना?"

"मला तरी तसंच वाटतं."

"मग जाऊ का दिलंस? बाबांचा आवाज होता यार त्यात!"

"वाटतं रे," बाई म्हणाल्या. "पाहिलं नाही."

मग त्या फोटोशेजारी बसल्या आणि तेरा दिवसांत पहिल्यांदाच मोठ्यानं रडल्या.